बाराव्या खतावणीचं सातवं पान

सावनेर शाखेतल्या जुन्या सभासदांचे खाते क्रमांक ‘12-7’, ‘9-41’ असे असतात. पहिला आकडा खतावणीचा, दुसरा तिच्यातल्या पानाचा. 12-7 म्हटलं की बाराव्या खतावणीचं सातवं पान. त्या जाड पुठ्ठ्याच्या खतावण्या कपाटात जाऊन कित्येक वर्षं झाली, संगणक आले, पण क्रमांक कुणी बदलले नाहीत. ते पासबुकांवर होते, मुदत ठेवीच्या पावत्यांवर होते आणि लोकांना तोंडपाठ होते. संगणक आल्यावर उघडलेल्या खात्यांना मात्र सलग आकडे मिळाले: 126, 127, 128. डेटाबेसच्या एकाच रकान्यात दोन्ही तऱ्हेचे क्रमांक नांदत होते, आणि मधल्या आडव्या रेघेमुळे तो रकाना आकड्यांचा नव्हता, मजकुराचा होता.

मी नागपुरात बसून या पतसंस्थेचा डेटाबेस सांभाळते. मुख्य कार्यालय इतवारीत. शाखा कामठी, सावनेर, काटोल, उमरेड, रामटेक अशा. ती रेघ मी वर्षानुवर्षं रोज पाहत होते. तिच्याकडे नीट पाहिलं ते 2022 च्या ऑगस्टअखेर.

आमचा सर्व्हर तेव्हा पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या 9.6 या आवृत्तीवर चालत होता. ही आवृत्ती सप्टेंबर 2016 ची. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात आणि मग त्या थांबतात. 9.6 ची शेवटची दुरुस्ती नोव्हेंबर 2021 मध्ये आली. त्यानंतर सुरक्षेतली एखादी फट सापडली, तर ती बुजवायला कुणी नाही. पिग्मी भरणाऱ्या पानठेलेवाल्याचे आणि भाजीवालीचे पैसे ज्या यंत्रणेत आहेत, ती अशी उघडी ठेवू नये, हे माझं मत होतं आणि आजही आहे. संचालक मंडळाला ते पटायला सात-आठ महिने लागले. “चालू आहे ना व्यवस्थित? मग हात कशाला लावता?” हा त्यांचा प्रश्न मला वावगा वाटला नाही. ज्यांनी संस्था एका खोलीतून उभी केली, त्यांनी चालत्या गोष्टीला जपावंच.

मंजुरी मिळाली तेव्हा मी ठरवलं की करायचंच आहे तर एकदाच करू. यंत्र नवं घेऊ, त्यावरची सेंटओएस 7 ही कार्यप्रणाली बदलून रॉकी लिनक्स 8 टाकू, आणि पोस्टग्रेस 9.6 वरून थेट 14 वर नेऊ. तिन्ही बदल एकाच सुट्टीत. निर्णय माझा होता.

मोठ्या आवृत्तीवर जायचे नेहमीचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात सगळा डेटा मजकुराच्या रूपात उपसून घ्यायचा आणि नव्या सर्व्हरमध्ये ओळ-ओळ पुन्हा भरायचा. यात सगळं नव्याने रचलं जातं, पण वेळ फार जातो. सरावात आमचे चौदा तास गेले होते. दुसऱ्या रस्त्याचं नाव पीजी-अपग्रेड. ही सोय डेटाच्या फायलींना हात लावत नाही. सर्व्हरचे स्वतःचे अंतर्गत तक्ते तेवढे नव्या पद्धतीने लिहिते आणि जुन्या फायली जशाच्या तशा नव्या आवृत्तीच्या ताब्यात देते. काम काही मिनिटांचं. आम्ही जुन्या सर्व्हरची हुबेहूब प्रत नव्या यंत्रावर आधीच आणून ठेवली होती आणि तिथे हा दुसरा रस्ता धरला.

दिवस निवडला तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात लहान मुलं लाकडी बैल सजवून निघतात आणि इतवारी-महाल भागात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते. रोगराई, इडापिडा सगळी तिच्याबरोबर गावाबाहेर न्यायची आणि जाळायची, ही इथली शंभराहून अधिक वर्षांची रीत. त्या दिवशी इतवारीत दुकानं बंद, रस्ते माणसांनी भरलेले, संस्थेला सुट्टी. आम्ही तिघं आदल्या रात्रीच कार्यालयात मुक्कामाला गेलो. सकाळी कुणीतरी गर्दीतून वाट काढत तर्री-पोहे आणले. तिसऱ्या मजल्यावर बँडचा आणि ढोलाचा आवाज येत होता आणि पडद्यावर एकेक टप्पा पार पडत होता.

तयारी कमी नव्हती. पीजी-अपग्रेडच्या पूर्वतपासणीत एक जुना तक्ता अडला होता, कारण तो ज्या पद्धतीने बनवला होता ती पद्धत बाराव्या आवृत्तीतून काढून टाकली आहे. तो आधीच बदलून घेतला. चौदाव्या आवृत्तीत पासवर्ड साठवण्याची मूळ पद्धत बदलली आहे आणि शाखांतल्या जुन्या ड्रायव्हरांना ती कळत नाही, तेव्हा तूर्त जुनीच ठेवली. पीजी-अपग्रेडमध्ये तेव्हा तक्त्यांची सांख्यिकी नव्या आवृत्तीत येत नसे. ती नसली की सर्व्हर साधा प्रश्नही आडवाटेने सोडवायला जातो आणि पहिल्या सकाळी सगळं संथ होतं. ती आम्ही लगेच गोळा करून घेतली. (आता 2025 च्या अठराव्या आवृत्तीपासून बरीचशी आपोआप सोबत येते. अनेकांच्या सकाळी त्यामुळे सुखाच्या होतील.)

मग ताळा. सर्व शाखांच्या ठेवींची बेरीज, कर्जांची बेरीज, सभासदांची संख्या, आदल्या दिवसाची कीर्द. जुन्या आणि नव्या सर्व्हरवरचे आकडे पैशापर्यंत जुळले. संस्थेचे जुने लेखापाल, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, त्यांनी रात्रभर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर जुन्या सर्व्हरमधून शाखावार, खातेनिहाय शिल्लक यादी छापून घेतली होती. मी त्यांना म्हटलं होतं, एवढा कागद कशाला, सगळं इथे आहेच की. ते म्हणाले, “असू द्या ताई. कागद बोलत नाही, पण बदलतही नाही.” संध्याकाळी मारबत जळाली असेल त्या सुमारास आम्ही नवा सर्व्हर सुरू करून घरी गेलो. मी त्या रात्री फार गाढ झोपले.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस शांत गेला. पडदे पूर्वीपेक्षा भराभर उघडत होते, शाखांतून कौतुकाचे फोन आले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सावनेरहून काउंटरवरच्या मुलाचा फोन आला.

“ताई, एका आजीचं खातं दिसूनच नाही राहिलं.”

“क्रमांक नीट टाकला का?”

“तीनदा टाकला. पासबुक समोर ठेवून टाकला. बारा-सात. सभासद अस्तित्वात नाही, असंच येऊन राहिलं.”

मी माझ्या पडद्यावर तोच क्रमांक शोधला. शून्य ओळी. मग आजीच्या आडनावाचा तुकडा टाकून शोधलं, तर आजी समोर आल्या. नाव, पत्ता, शिल्लक, आणि खाते क्रमांकाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं ‘12-7’. पुन्हा क्रमांकाने शोधलं. शून्य. माझे हात गार पडले. मी सावनेरला परत फोन लावला तोवर आजी निघून गेल्या होत्या. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या, त्यांच्या खर्चासाठी पैसे काढायला त्या गावाहून एसटीने आल्या होत्या. काउंटरवर त्यांना सांगितलं गेलं होतं की तुमचं नाव संगणकात नाही.

काय झालं होतं ते सांगते. लाखो ओळींच्या तक्त्यात एक ओळ शोधताना सर्व्हर सगळा तक्ता वाचत नाही. त्याच्याजवळ इंडेक्स असतो, म्हणजे क्रमाने लावलेली सूची. आपण शब्दकोशात शब्द बघतो तसाच तो जातो: मध्येच एक पान उघडतो, हवा तो शब्द याच्या अलीकडे की पलीकडे एवढं ठरवतो, त्या बाजूला वळतो, पुन्हा उघडतो. चार-पाच वळणांत मुक्कामी पोचतो. हे सगळं एका विश्वासावर उभं आहे: सूची ज्या क्रमाने लावली, त्याच क्रमाने आपण ती शोधतो आहोत. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. ‘क्षमा’ हा शब्द काही कोशांत ‘क’च्या पोटात सापडतो, काहींत पार शेवटी ‘ज्ञ’च्या शेजारी. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ल’च्या लगेच पुढे बसलाय. एका रिवाजाने लावलेला कोश दुसऱ्या रिवाजाने चाळणारा माणूस शब्द समोर असून प्रामाणिकपणे सांगेल, या कोशात हा शब्द नाही. आडनावाचा तुकडा टाकला तेव्हा सर्व्हरला सूची वापरता येत नव्हती, म्हणून त्याने पूर्ण तक्ता वाचला आणि त्यात आजी सापडल्या. आमच्या बेरजाही पूर्ण तक्ता वाचूनच होतात. म्हणून ताळा जुळला होता.

पण क्रम बदलला कुणी? पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्तीत काय-काय बदललं ते मी 10 पासून 14 पर्यंत पानन् पान वाचलं होतं. त्यात हे नव्हतं, कारण हा बदल पोस्टग्रेसमध्ये झालेलाच नव्हता. मजकूर कोणत्या क्रमाने लावायचा हे पोस्टग्रेस आमच्या मांडणीत कार्यप्रणालीला विचारतं आणि लिनक्सवर त्याचं उत्तर जीलिबसी नावाची मूळ लायब्ररी देते. ऑगस्ट 2018 मध्ये आलेल्या तिच्या 2.28 आवृत्तीत क्रमवारीचे नियम नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे बदलले. सेंटओएस 7 मध्ये ती 2.17 होती. रॉकी 8 मध्ये 2.28.

यासाठी एक छोटी चाचणी सांगितली जाते. ‘1-1’ आणि ‘11’ अशा दोन ओळी लिहायच्या आणि यंत्राला क्रमाने लावायला सांगायच्या. मी ती दोन्ही यंत्रांवर करून पाहिली. जुन्यावर ‘11’ आधी आला. नव्यावर ‘1-1’ आधी. जुना नियम पहिल्या फेरीत आडवी रेघ जमेतच धरत नव्हता. त्याच्या लेखी 12-7 म्हणजे 127, आणि त्याची जागा 126 आणि 128 च्या मध्ये. नव्या नियमात रेघेला स्वतःचं स्थान आहे आणि ते सगळ्या अंकांच्या आधी. त्याच्या लेखी 12-7 ची जागा 120 च्याही अलीकडे. सूची जुन्या यंत्रावर जुन्या नियमाने लागली होती, पीजी-अपग्रेडने तिला हात न लावता पुढे दिली होती, आणि नवं यंत्र तिच्यात नव्या नियमाने शोधत होतं. दुपारी चाचणीपुरती मी सर्व्हरला सूची वापरायची मनाई केली आणि 12-7 शोधलं. ओळ आली. (जाता-जाता हेही कळलं की आमच्या सर्व्हरवर क्रमवारीसाठी स्थापनेपासून अमेरिकी इंग्रजीचा नियम लागू होता. सावनेरच्या खतावण्या इतकी वर्षं त्या नियमाने लागत होत्या आणि कुणाला, मलाही, तो तपासावासा वाटला नव्हता.)

सगळीच खाती हरवली असती तर आम्ही सुट्टीच्या दिवशीच सावध झालो असतो. वळणांवर ज्यांच्याशी तुलना होते ते क्रमांक कोणते, यावर कुठलं खातं सापडेल आणि कुठलं नाही हे ठरत होतं. रेघवाले पुष्कळ क्रमांक सापडत होते. मी चाचणीला घेतलेले सगळेच सापडले होते.

खरी काळजी मात्र पुढे होती. सूची नुसती शोधायला नसते. एकाच क्रमांकाची दोन खाती होऊ नयेत यावरही तीच पहारा देते. नवी ओळ आली की ती सूचीत बघते, आधी कुणी आहे का. तिला दिसलंच नाही, तर ती अडवणार कशी? पिग्मी एजंटांच्या हातातल्या यंत्रांतून रोज संध्याकाळी फाइल येते, आणि फार पूर्वी आम्ही असा नियम घातला होता की फाइलमधला क्रमांक सापडला नाही तर नवा सभासद समजून खातं उघडायचं. मी सूची नव्याने बांधायची आज्ञा दिली तेव्हा सर्व्हरने नकार दिला: या रकान्यात दुबार क्रमांक आहेत. मोजले, तर अकरा. अकरा माणसांची दोन-दोन खाती झाली होती. एकात वर्षांची बचत, दुसऱ्यात गेल्या दोन दिवसांचे पन्नास-शंभर रुपये.

त्या दुपारी आम्ही सगळ्या शाखांचं काम थांबवलं. संचालकांना मी स्वतः फोन करून काय झालं आणि ते माझ्या कोणत्या निर्णयामुळे झालं ते सांगितलं. रात्री भाऊसाहेबांची छापील यादी टेबलावर पसरली. ते एकेक क्रमांक वाचत, मी पडद्यावर सूचीशिवाय शोधत असे, शिल्लक जुळली की ते पेन्सिलीने टिंब देत. अकरा खात्यांतल्या दोन दिवसांच्या रकमा मूळ खात्यांत वळत्या केल्या, प्रत्येकीचं व्हाउचर केलं, दुबार ओळी बंद केल्या. मग मजकुराच्या रकान्यांवरच्या सगळ्या सूची नव्याने बांधल्या. चौदाव्या आवृत्तीत सूची आतून तपासणारी पीजी-अ‍ॅमचेक नावाची सोय आली आहे, ती चालवली. ती मी आदल्या सुट्टीत चालवली असती, तर तिने दहा मिनिटांत सांगितलं असतं. पहाटे चारला ती एकही तक्रार न करता संपली.

रात्रभर त्या आकड्यांवर टिंबं पडत असताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. डेटा गेला का, असं कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे नाही म्हटलं असतं. एक पैसा, एक अक्षर गेलेलं नव्हतं. पण काउंटरच्या अलीकडे उभ्या माणसाला डेटा असण्याशी काय करायचंय? त्याचं खातं म्हणजे विचारल्यावर मिळणारं उत्तर. ‘नाही’ हे उत्तर मिळालं तर त्याच्यासाठी ते नाहीच. आम्ही असण्याची चाचणी केली होती, सापडण्याची केली नव्हती.

अशा बाबतीत गिटलॅब या कंपनीने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका अभियंत्याकडून चालू सर्व्हरवरचा डेटाच पुसला गेला. बॅकअप बघायला गेले तर तो नव्हता. सर्व्हर पोस्टग्रेस 9.6 वर गेला होता, पण बॅकअप घेणारं साधन 9.2 चंच चालत होतं, रोज अपयशी ठरत होतं, आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पत्रव्यवहाराच्या यंत्रणेतच नाकारल्या जात होत्या. सुदैवाने कुणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी प्रत घेऊन ठेवली होती. मधल्या सहा तासांतलं काम गेलं. त्यांनी हे सगळं जगासमोर मांडलं, दुरुस्ती चालू असताना तिचं थेट प्रक्षेपणही केलं. पुष्कळ लोकांनी आपापले बॅकअप त्यानंतर उघडून पाहिले, मीही पाहिले होते. आमच्या संस्थेतही झाल्या प्रकाराची नोंद लपवून न ठेवता वार्षिक सभेपुढे ठेवावी, असा आग्रह मी धरला. काहींना तो आवडला नाही. नोंद ठेवली गेली.

पहाटे काम संपल्यावर घरी न जाता मी सावनेरची बस धरली. काउंटरवरच्या मुलाने आजींच्या गावातल्या पिग्मी एजंटाकडून निरोप धाडला होता. साडेदहाला त्या आल्या. नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कापडात बांधलेलं पासबुक. नवरा कोळसा खाणीत होता. त्याने हे खातं उघडलं तेव्हा शाखा एका किराणा दुकानाच्या वर होती, हे त्यांनी मला सांगितलं. रागावल्या नव्हत्या. रात्री झोप लागली नाही एवढं म्हणाल्या. मग पासबुकावरच्या क्रमांकावर बोट ठेवून विचारलं, “माहं पान फाटलं होतं काय वं बाई?”

मी म्हटलं, “नाही आजी. पान जागेवरच होतं. आम्ही भलतीकडे शोधत होतो.”

मुलाने 12-7 टाकलं. नाव आलं. त्यांना पडदा दिसावा म्हणून त्याने तो वळवून धरला. पैसे घेऊन त्यांनी दोनदा मोजले आणि बाजाराच्या दिशेने गेल्या.

त्यानंतर बरंच बदललं. फाइलीत क्रमांक सापडला नाही तर खातं उघडायचा तो नियम मी त्याच आठवड्यात काढला. आता अशी नोंद बाजूला पडते आणि माणूस बघतो. कार्यप्रणाली आणि डेटाबेस एकाच सुट्टीत बदलायचे नाहीत, हेही ठरलं. पोस्टग्रेसनेही या बाबतीत पावलं टाकली आहेत: पंधराव्या आवृत्तीपासून डेटाबेस ज्या क्रमनियमांवर बांधला त्यांची आवृत्ती सर्व्हर लक्षात ठेवतो आणि खालचा नियम बदलला तर इशारा देतो, 2024 च्या सतराव्या आवृत्तीत कार्यप्रणालीवर अवलंबून नसलेला क्रमनियम सर्व्हरच्या आतच आला आहे. खाते क्रमांकाच्या रकान्याला आम्ही आता तोच लावणार आहोत. त्या रकान्याला मराठी क्रम कळायची गरज नाही, कधीही न बदलणारा क्रम हवा. नावांच्या रकान्यांचं वेगळं. तिथे मराठी माणसाला अपेक्षित क्रम मिळालाच पाहिजे, आणि त्यासाठी सूची पुन्हा-पुन्हा बांधायची तयारी ठेवली पाहिजे.

14 ची मुदत नोव्हेंबर 2026 मध्ये संपते. पुढच्या चाचणीसाठी मी जी आज्ञावली लिहिली आहे, ती प्रत्येक शाखेतलं प्रत्येक खातं दोनदा शोधते, एकदा सूचीतून आणि एकदा पूर्ण तक्ता वाचून, आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी मांडते. पूर्ण चालायला तिला बराच वेळ लागतो. लागू दे. भाऊसाहेब निवृत्त झाले, पण यादी छापायला येणार आहेत. प्रिंटरच्या रिबिनी आताशा लवकर मिळत नाहीत, तेव्हा त्या आधीच आणून ठेवा, असा त्यांचा निरोप आलाय. त्या मी मागवल्या आहेत.